स्पेनचा समुद्रकिनारा: सुरक्षित सहल आणि उत्तम जेवण यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जुलै महिन्यात मालागाच्या किनाऱ्यावर घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. भौगोलिकदृष्ट्या बराच पश्चिमेला असूनही स्पेन मध्य युरोपची वेळ पाळतो आणि उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे करतो, त्यामुळे तेथील खरी मध्यान्ह दोन ते अडीचच्या सुमारास होते. नेमक्या याच वेळी स्थानिक कुटुंबे वाळूवरून उठून जेवायला बसतात. बाहेरून आलेला प्रवासी मात्र साडेबाराला जेवण शोधतो, बंद स्वयंपाकघरे पाहून जे मिळेल ते खातो आणि दोन वाजता पुन्हा उन्हात जाऊन पडतो. माझ्या मते स्पेनच्या किनाऱ्यावरील निम्म्या तक्रारी, भाजलेल्या त्वचेच्याही आणि निकृष्ट जेवणाच्याही, या एकाच गोष्टीतून निर्माण होतात. म्हणून पुढील मार्गदर्शनात समुद्र आणि ताट या दोहोंचा विचार तेथील वेळापत्रकाला धरून केला आहे.

महिना, विमा आणि सामान

महाराष्ट्रातील कुटुंबे बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीत प्रवास करतात, आणि स्पेनच्या किनाऱ्याच्या दृष्टीने या दोन्ही वेळा थोड्या अडचणीच्या आहेत. मे महिन्यात हवा सुखद असली तरी भूमध्य समुद्राचे पाणी साधारण 17 ते 19 अंश इतके गार असते, आणि जीवरक्षकांची नियमित नेमणूक अनेक किनाऱ्यांवर जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपते. सप्टेंबर अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः व्हॅलेन्सिया, आलिकान्ते आणि मुर्सिया या भागांत, उबदार समुद्रावर थंड हवेचा थर येऊन काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. स्पेनमध्ये या स्थितीला ‘दाना’ म्हणतात. 29 ऑक्टोबर 2024 रोजी व्हॅलेन्सिया परिसरात आलेल्या अशाच पुरात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्या वर्षीची दिवाळी त्याच आठवड्यात होती. दिवाळीत जाऊ नये असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवसांत राष्ट्रीय हवामान संस्थेचे, म्हणजे ‘एमेत’चे, पिवळे, नारिंगी व लाल इशारे रोज सकाळी पाहावेत, कोरड्या ओढ्यांच्या पात्रात गाडी उभी करू नये, आणि मोबाइलवर मोठ्या आवाजात सरकारी सूचना आली तर तळघरातील वाहनतळाकडे न जाता वरच्या मजल्यावर जावे. ज्यांना सुट्टीचे बंधन नाही त्यांच्यासाठी जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हे दिवस सर्वांत चांगले.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. बहुतेक जण ही पॉलिसी केवळ अर्जासाठी काढतात व वाचत नाहीत. ती वाचावी, कारण जलक्रीडा, मद्यपानानंतरचे अपघात आणि आधीपासूनचे आजार यांविषयीची कलमे तिच्यात असतात. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे नियमित घेणाऱ्या आई-वडिलांना सोबत नेत असाल, तर औषधाच्या मूळ घटकाचे नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. भारतीय ब्रँडचे नाव तेथील औषधविक्रेत्याला ओळखू येईलच असे नाही.

खाद्यपदार्थ नेताना मात्र जपून. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पनीर आणि खव्याची मिठाई घरीच ठेवावी लागते. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे बार्सिलोनातील नातेवाइकांसाठी मे महिन्यात हापूसची पेटी नेण्याचा विचार सोडून द्यावा. मेतकूट, भाजणी, चिवडा आणि कोरड्या चटण्या पुरेशा आहेत.

दिवसाची आखणी

सकाळी नऊ ते बारा किंवा साडेबारा हा समुद्राचा पहिला वेळ. नंतर खोलीवर परतून अंघोळ करावी, दोनच्या सुमारास जेवावे, पाचपर्यंत सावलीत राहावे आणि साडेपाचनंतर पुन्हा किनाऱ्यावर जावे. जूनअखेर दक्षिणेत सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे समुद्रस्नान निवांत तीन तासांचे होऊ शकते. दक्षिण स्पेनमध्ये भर उन्हाळ्यात दुपारचा अतिनील निर्देशांक 9 ते 10 पर्यंत जातो. सावळ्या त्वचेला ऊन बाधत नाही हा आपल्याकडील समज येथे महागात पडतो. किनाऱ्यावरच्या गार वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे जाणवत नाही, आणि संध्याकाळी खांदे व पायांचे वरचे भाग लाल होऊन आग करू लागतात. पन्नास संरक्षण गुणांकाचे मलम बाहेर पडण्यापूर्वी लावावे आणि दर दोन तासांनी व प्रत्येक वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. लहान मुलांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे हा त्याहूनही खात्रीचा उपाय.

एखाद्याला चक्कर येऊन बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले आणि घाम थांबला, तर तो साधा थकवा नव्हे, उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच 112 वर दूरध्वनी करावा.

समुद्रात उतरताना

किनाऱ्यावर पोहोचताच पहिली नजर झेंड्याकडे जावी. हिरवा झेंडा म्हणजे पोहण्यास हरकत नाही, पिवळा म्हणजे सावधगिरी, लाल म्हणजे स्नानास बंदी. लाल झेंड्याचे उल्लंघन केल्यास अनेक नगरपालिका दंड करतात. जेलीफिशचे चित्र असलेला झेंडा पाण्यात जेलीफिश आल्याचे सांगतो. काही ठिकाणी कायम फडकणारा निळा झेंडा मात्र वेगळा आहे. तो पाण्याची स्वच्छता आणि सोयीसुविधा यांबद्दल दिला जाणारा दर्जा आहे आणि आज समुद्र शांत आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. स्पेनमध्ये असे सहाशेहून अधिक किनारे आहेत, त्यामुळे हा गैरसमज सहज होतो. झेंडाच नसेल तर जीवरक्षकही नाही असे समजून वागावे. जीवरक्षकाला तेथे ‘सोकोरिस्ता’ म्हणतात, आणि त्याच्या कामाच्या वेळा किनाऱ्यावरील फलकावर लिहिलेल्या असतात.

भूमध्य समुद्र तलावासारखा शांत असतो असे ऐकून जाणाऱ्यांनी वाऱ्याची माहिती करून घ्यावी, कारण तेथील बरेचसे धोके लाटेपेक्षा वाऱ्याशी अधिक निगडित आहेत. कादिझच्या अटलांटिक किनाऱ्यावर, म्हणजे कोनिल किंवा साहारा दे लोस आतुनेस येथे, ‘लेवान्ते’ हा पूर्वेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या दिवशी काठाजवळचे पाणी सपाट दिसते, आणि हाच फसवा भाग आहे. हवा भरलेल्या गादीवर किंवा फुगवलेल्या बदकावर बसलेले मूल काही मिनिटांत इतके दूर जाते, की चांगल्या पोहणाऱ्यालाही ते गाठता येत नाही. लेवान्ते वाहत असताना अशी खेळणी पाण्यात नेऊच नयेत. गादी वाहून गेली तर ती सोडून द्यावी. तिच्यावर माणूस असेल तर त्याने उडी मारून पोहत येण्याचा प्रयत्न न करता गादीला धरून राहावे आणि काठावरच्यांनी जीवरक्षकाला बोलवावे. मालागाकडे ‘तेर्राल’ हा जमिनीवरचा तप्त वारा वेगळा त्रास देतो. हवेचे तापमान चाळिशीकडे जाते, पण वरचा उबदार पाण्याचा थर वाऱ्याने दूर ढकलला गेल्यामुळे खालचे थंड पाणी वर येते. तापलेल्या शरीराने अशा पाण्यात एकदम उडी घेतली तर धक्का बसून शुद्ध हरपू शकते. जेवणानंतर दोन तास पाण्यात जायचे नाही हा स्पॅनिश आयांचा जुना दंडक आहे. त्यात पचनापेक्षा तापमानातील या अचानक फरकाचा धोका खरा आहे, म्हणून आधी मनगटे, मान आणि पोट ओले करून हळूहळू उतरावे.

पाण्याच्या ओढीत सापडल्यास काठाच्या दिशेने झगडू नये. ही ओढ अरुंद असते, त्यामुळे किनाऱ्याला समांतर पोहून तिच्या बाहेर पडावे आणि मगच काठाकडे वळावे. पोहता येत नसेल तर उताणे तरंगत हात वर करावा. आपल्यापैकी अनेक जण पोहत नाहीत, केवळ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, आणि त्यातही जीन्स किंवा सुती सलवार घालून. भिजलेले सुती कापड फार जड होते आणि परतणाऱ्या लाटेत पाय उचलू देत नाही. पूर्ण अंग झाकायचे असेल तर पोहण्यासाठीच्या कापडाचे लांब बाह्यांचे कपडे मिळतात, ते आणावेत. बंधाऱ्यावरून किंवा खडकावरून खोली न पाहता सूर मारू नये. मणक्याला इजा होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

उत्तरेकडचा किनारा, म्हणजे बास्क प्रदेश, कांताब्रिया, आस्तुरियास आणि गालिसिया, हा निराळाच समुद्र आहे. तेथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरपर्यंत जातो. ओहोटीत चालत गेलेल्या खडकाळ कोपऱ्यातून भरतीत परत येता येत नाही, म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय तेथे लांब चालत जाऊ नये.

डंख झाल्यास

भूमध्य समुद्रात सर्वाधिक त्रास देते ती छोटी जांभळट गुलाबी जेलीफिश. डंख झाला की जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. गोड्या पाण्याने धुतल्यास किंवा टॉवेलने चोळल्यास त्वचेवर राहिलेल्या, अजून न फुटलेल्या दंशपेशी फुटतात आणि वेदना वाढते. चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा जुन्या बँक कार्डाच्या कडेने काढावेत आणि नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. याउलट, उथळ वाळूत लपणाऱ्या ‘पेस आरान्या’ या काटेरी माशावर पाय पडल्यास गार उपाय उपयोगी नाही. त्याचे विष उष्णतेने निष्प्रभ होते, म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम, साधारण 40 ते 45 अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. अटलांटिक किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखा दिसणारा ‘काराबेला पोर्तुगेसा’ वाळूवर मेलेला दिसला तरी मुलांना त्याला हात लावू देऊ नये. मेल्यावरही त्याचे तंतू डंख करतात. श्वास लागणे, ओठ सुजणे किंवा उलट्या होणे ही लक्षणे दिसताच जीवरक्षकाला किंवा 112 ला कळवावे.

जेवण: काय, कुठे आणि कधी

दुपारचे जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचे साडेआठ-नऊनंतर, या वेळा मनाशी ठरवून घ्याव्यात. मधल्या वेळेत ज्यांचे स्वयंपाकघर अखंड चालू असते, अशी ठिकाणे बहुतांशी पर्यटकांसाठीच चालवलेली असतात. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी मिळणारा ‘मेनू देल दिया’ हा प्रवाशासाठी सर्वोत्तम सौदा आहे. त्यात दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी साधारण 12 ते 18 युरोंत मिळते. किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत, फळ्यावर खडूने आजचा मेनू लिहिलेली जागा शोधावी.

मासे खाणाऱ्या कोकणी, मालवणी आणि गोव्याकडच्या मंडळींना येथे फारसे परके वाटत नाही. तारलीची बहीण ‘सार्दिना’, मांदेलीच्या कुळातले ‘बोकेरोन’, तिसऱ्यांसारख्या ‘आल्मेखा’, माकूळ, शिणाणे, कोळंबी हे सारे भेटते, फक्त मसाला नसतो. मालागाच्या पेद्रेगालेखो आणि एल पालो या जुन्या कोळीवस्त्यांत ‘चिरिंगितो’ नावाच्या किनाऱ्यावरील खाणावळींपुढे वाळूने भरलेली जुनी होडी ठेवलेली असते. तिच्यात ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव असतो. सार्दिना न सोलता, पोट न फाडता, कण्याखालून वेताच्या किंवा लोखंडी सळईत ओवतात, वर जाडे मीठ टाकतात आणि सळई विस्तवाच्या वाऱ्याकडच्या बाजूला वाळूत तिरकी खोवतात, म्हणजे धूर माशाला लागत नाही आणि फक्त आच लागते. त्वचा फुगून तिच्यावर करडे डाग पडले की मासा तयार होतो. तो हाताने खायचा असतो, आणि काट्याच्या कडेने मांस सहज सुटते. या ‘एस्पेतो’साठी मे ते ऑगस्ट हे महिने उत्तम, कारण तेव्हा सार्दिना चांगली चरबीदार असते. भूमध्य किनाऱ्यावरील बऱ्याच होड्या शनिवार-रविवारी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी मासे मागवण्याची घाई करू नये.

कच्चे किंवा फक्त व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे, उदाहरणार्थ ‘बोकेरोनेस एन बिनाग्रे’, यांत आनिसाकिस नावाचा जंत असू शकतो. म्हणून 2006 पासून स्पेनमधील खाद्यगृहांना असे मासे आधी गोठवणे कायद्याने बंधनकारक आहे. बाजारातून ताजे बोकेरोन आणून खोलीवर तसाच प्रयोग करू नये. भर उन्हात ठेवलेले अंड्याचे सॅलड, लसणाचे आलिओली आणि अर्धकच्चे ऑम्लेट यांबाबतही सावध राहावे. पदार्थ शीतकपाटातून येत असेल तर घ्यावा, काचेच्या पेटीत कोमट होऊन बसला असेल तर टाळावा.

पाएया, म्हणजे रुंद कढईत शिजवलेला स्पॅनिश भात, हिच्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण प्रवाशांची सर्वाधिक निराशा तिच्यापायीच होते. ती व्हॅलेन्सियाची आहे, आणि तिचे मूळ समुद्रात नसून आल्बुफेरा सरोवराकाठच्या भातखाचरांत आहे. पारंपरिक पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि ‘गार्रोफो’ नावाचे मोठे पांढरे वाल असतात, मासे नसतात. मासे व कोळंबी घातलेला भात हवा असेल तर ‘पाएया दे मारिस्को’ किंवा ‘आर्रोस आ बांदा’ मागवावा. चांगली पाएया ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. ती दुपारीच मिळते, किमान दोघांसाठी करतात, मागणीनंतर अर्धा तास तरी लागतो, आणि रुंद कढईत भाताचा थर जेमतेम बोटभर असतो. तळाशी ‘सोकार्रात’ ही खरपूस खरवड असते आणि ती खरवडून खाण्यात संकोच करू नये. दारात रंगीत छायाचित्रांचा फलक लावून रात्री दहा वाजता एका माणसासाठी दहा मिनिटांत पाएया देणाऱ्या ठिकाणी गोठवलेला भात गरम होऊन येतो. सवड असेल तर व्हॅलेन्सिया शहरातून एल पाल्मार या आल्बुफेराकाठच्या गावी जाऊन जेवावे.

बिलाबाबत दोन-तीन गोष्टी. मेनूवर किमतीच्या जागी ‘सेगून मेर्कादो’, म्हणजे बाजारभावाप्रमाणे, किंवा शंभर ग्रॅमचा भाव लिहिला असेल, तर मासा वजन करून दाखवण्यास आणि एकूण किंमत आधी सांगण्यास सांगावे. न मागता आलेल्या पावाचे पैसे लागू शकतात, नको असल्यास परत करावा. नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे, जरी पूर्व किनाऱ्यावर त्याला क्लोरिनचा वास आणि जडपणा जाणवतो. 2022 च्या कायद्यानुसार खाद्यगृहांनी ते विनामूल्य द्यायचे असते. ‘आग्वा देल ग्रिफो’ असे सांगितले की मिळते. बक्षिसी सक्तीची नाही.

शाकाहारी मंडळींसाठी

केवळ ‘वेजेतारियानो’ एवढे सांगून भागत नाही. मिश्र सॅलडवर ट्यूना येतो, थंड साल्मोरेखो सूपवर हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात, मसुराच्या आमटीत चोरिसो हे डुकराच्या मांसाचे सॉसेज शिजलेले असते आणि भाज्यांचा भातही माशांच्या रसात केलेला असू शकतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून’ म्हणजे मांस, मासे, हॅम व ट्यूना नको, असे चारही शब्द स्वतंत्रपणे सांगावेत. अंडे नको असेल तर ‘सिन वेवो’ जोडावे. भात मागवताना तो ‘काल्दो दे वेर्दुरास’मध्ये, म्हणजे भाज्यांच्या रसात, केला आहे का हे विचारावे. काटेकोर शाकाहाऱ्यांनी तळलेल्या पदार्थांबाबत तेल वेगळे आहे का हेही विचारावे, कारण किनाऱ्यावर वांग्याचे काप आणि मासे बहुधा एकाच तेलात तळतात. माजोर्काची प्रसिद्ध ‘एन्सायमादा’ दिसायला साधी गोड बनपाव, पण ती डुकराच्या चरबीत करतात.

निवडण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. टोमॅटोचे थंड गास्पाचो, बदाम-लसणाचे आखोब्लांको, सेविल्याची पालक-छोले भाजी, उसाच्या काकवीसह तळलेली वांगी, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, कातालोनियातील टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या भाज्यांची ‘एस्कालिवादा’, कॅनरी बेटांतील खारे बटाटे व मोखो चटणी. व्हॅलेन्सियात ‘चुफा’ या कंदाच्या दुधासारख्या थंड ‘ओर्चाता’चा आस्वाद अवश्य घ्यावा, त्यात दूध नसते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. दुकानांत शिजवलेले छोले व पांढरे वाल काचेच्या बरण्यांत मिळतात, त्यांची उसळ पंधरा मिनिटांत होते. भाजीबाजार बहुधा दुपारी दोन-तीनला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत, म्हणून शनिवारी सकाळीच खरेदी उरकावी.

शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, गहू अशा 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे युरोपीय संघात सर्व खाद्यगृहांवर बंधनकारक आहे. ॲलर्जी असेल तर संकोच न करता ती यादी मागावी.

चोरी आणि तातडीची मदत

हिंसक गुन्ह्यांपेक्षा खिसेकापूंचा उपद्रव अधिक आहे, विशेषतः बार्सिलोनाच्या मेट्रोत, ला रांब्लावर आणि बार्सेलोनेताच्या वाळूवर. पोहायला सर्वांनी एकत्र जाऊ नये, एकाने सामानाजवळ थांबावे. रस्त्याकडेच्या टेबलावर फोन ठेवू नये, आणि पिशवी खुर्चीच्या पाठीला न अडकवता तिचा पट्टा मांडीखाली घ्यावा. मूळ पारपत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवून छायाप्रत सोबत बाळगावी.

112 हा क्रमांक पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन या सर्वांसाठी विनामूल्य आहे. किरकोळ दुखण्यासाठी हिरव्या क्रॉसचे चिन्ह असलेल्या ‘फार्मासिया’त जावे. तेथील औषधविक्रेते प्राथमिक सल्ला देतात, आणि रात्री कोणते दुकान उघडे आहे हे बंद दुकानाच्या दारावर लिहिलेले असते. रुग्णालयात जावे लागल्यास, प्रकृती तातडीची नसेल तर, आधी विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर कळवावे, म्हणजे कोणत्या रुग्णालयात जायचे हे कंपनी सांगते. नंतर अहवाल आणि पावत्यांच्या मूळ प्रती जपून ठेवाव्यात. पारपत्र चोरीस गेल्यास त्याच दिवशी पोलीस ठाण्यात ‘देनुन्सिया’ म्हणजे लेखी तक्रार नोंदवून तिची शिक्का मारलेली प्रत घ्यावी. माद्रिदमधील भारतीय दूतावासात तातडीच्या प्रवासपत्रासाठी अर्ज करताना ती प्रत, पारपत्राची छायाप्रत, व्हिसाची प्रत, परतीचे तिकीट आणि छायाचित्रे लागतात. विम्याचा दावाही याच प्रतीवर अवलंबून असतो, म्हणून तिचे दोन-तीन फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवावेत.